कर्ज एकाचे, फेड साऱ्या घराची

‘शास्त्रीजी, कर्ज यांनी काढलं. मला विचारून काढलं नाही. मग ते मी का फेडायचं?’

हा प्रश्न इंदूर येथील एका महाराष्ट्रीय गृहिणीने मला विचारला, त्याला आता दोन वर्षांहून अधिक काळ लोटला. तिचे यजमान त्याच खोलीत मान खाली घालून बसले होते. मी प्रसंगाला साजेसे उत्तर दिले. सहधर्मचारिणी या शब्दाचा अर्थ सांगितला, सुखदुःखाच्या वाटणीविषयी चार वाक्ये बोललो. बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, ‘हे झालं बोलणं. पुस्तकात काय लिहिलंय ते बघून सांगा.’ आयुष्याची वीसबावीस वर्षे ज्याने संस्कृत ग्रंथ मराठीत उतरविण्यात घालविली, त्याला याहून मोठी चपराक ती कोणती! परत आल्यावर मी ग्रंथ काढले. जे सापडले आणि त्यापुढे त्या घरात जे घडले, ते गृहस्थाश्रमी वाचकांपुढे ठेवावे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

प्रथम कर्जाची हकीकत. यजमान एका खाजगी पेढीत हिशेबनीस आहेत. दुसऱ्यांचे हिशेब पैशापैशाने जुळविणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःचा हिशेब पाच वर्षे घरापासून लपवून ठेवला होता. वडिलांच्या अखेरच्या आजारात पतपेढीतून अडीच लक्ष रुपये उचलले. ते कर्ज अपरिहार्य होते. पुढे धाकट्या भावाच्या लग्नात मोठेपणा मिरविण्यासाठी आणि नव्या फटफटीसाठी क्रेडिट कार्डावर खर्च झाला, तो थकून एक लक्ष ऐंशी हजारांवर गेला. पतपेढीचा हप्ता चुकू लागला तेव्हा विधवा मावशीकडून पन्नास हजार हातउसने आणले. तेही पुरेनात, तेव्हा पत्नीच्या माहेरच्या पाटल्या तिला न सांगता सोनेतारण ठेवून एक लक्ष वीस हजार काढले. पाटल्या बँकेच्या तिजोरीत सुखरूप आहेत, असेच तिला सांगण्यात आले होते. एकूण देणे सहा लक्ष. एका मंगळागौरीला तिने पाटल्या मागितल्या आणि सारे बाहेर आले.

आता ग्रंथांकडे वळू. कर्जदाराला संस्कृतात ‘अधमर्ण’ आणि सावकाराला ‘उत्तमर्ण’ म्हणतात. या दोन शब्दांवरून आमच्या पूर्वजांनी कर्जदाराला अधम ठरविले असा समज करून घेण्यात अर्थ नाही. ऋणाच्या व्यवहारात ज्याची बाजू खालची तो अधमर्ण, इतकाच त्याचा भाव. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते क्रियापद. देवदत्त यज्ञदत्ताचे शंभर देणे लागतो, हे सांगताना संस्कृत भाषा असे म्हणते की देवदत्त यज्ञदत्तासाठी शंभर ‘धारण करतो’. आणि पाणिनीने या धनकोला संप्रदान ही संज्ञा देण्यासाठी एक स्वतंत्र सूत्र रचिले आहे. ज्याला काही द्यावयाचे तो संप्रदान. म्हणजे कर्जदाराच्या मुठीत असलेला पैसा दुसऱ्याच्या नावाने धरलेला असतो. मराठीतील ‘देणे लागतो’ हा प्रयोगही काही कमी अर्थपूर्ण नाही, परंतु त्यात ओझे दिसते. ‘धारयति’ मध्ये विश्वास दिसतो. या दृष्टीने पाहता त्या गृहस्थांचा खरा अपराध कर्ज काढण्यात नव्हता. दुसऱ्यांचे पुष्कळसे आपण धरून आहोत ही गोष्ट ज्यांच्या ताटात ते धन वाढले जात होते त्यांनाच ठाऊक नव्हती, हा तो अपराध होय.

ऋण हा विषय धर्मशास्त्राला किती जिव्हाळ्याचा होता याचे एकच गमक पुरे. मनूने व्यवहाराची, म्हणजे आजच्या भाषेत दिवाणी-फौजदारी वादांची, अठरा पदे सांगितली. त्यांत पहिले पद ऋणाच्या वसुलीचे. चक्रवाढ व्याजाला ज्या संस्कृत शब्दाने आजही शाळेत मुले ओळखतात तो शब्द त्याच अध्यायातला, आणि तेथे तो निषिद्ध व्याजांच्या यादीत आहे. वसिष्ठांच्या मताने योग्य व्याज महिन्याला मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा. आमच्या हिशेबनीसांच्या कार्डावर दरमहा शेकडा साडेतीन चढत होते. एक लक्ष ऐंशी हजारांवर सहा हजार तीनशे व्याज, त्यावर सरकारी कर, असे सुमारे साडेसात हजार. ते महिन्याला नऊ हजार भरीत आणि समजत की आपण कर्ज फेडीत आहोत. फिटत होते ते जेमतेम दीड हजार!

परंतु बाईंचा प्रश्न व्याजाचा नव्हता. तिच्या प्रश्नाचे उत्तर याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात मिळाले, आणि ते माझ्या त्या दिवशीच्या व्याख्यानाला सर्वस्वी प्रतिकूल निघाले. कुटुंबासाठी काढलेले ऋण कुटुंबाने द्यावे, हे तेथे आहे. मद्य, काम व द्यूत यांपायी बापाने केलेले ऋण मुलाने देऊ नये, हेही आहे. आणि पत्नीविषयी स्पष्ट सांगितले आहे की तिने तीनच प्रकारचे ऋण द्यावे: स्वतः केलेले, पतीबरोबर मिळून केलेले, आणि जे ‘प्रतिपन्न’ आहे ते. याखेरीज दुसरे कोणतेही ऋण देणे तिच्यावर बंधनकारक नाही.

‘प्रतिपन्न’ या शब्दाशी मी दोन दिवस अडलो. सामान्यतः त्याचे भाषांतर ‘कबूल केलेले’ असे करतात आणि ते चूक नाही. परंतु प्रति-पद् या धातूचे दोन अर्थ जोडीने चालतात: एक, जाणणे, दुसरा, पत्करणे. ज्या गोष्टीचे ज्ञान झाले आणि ज्ञान झाल्यावर जी आपली म्हणून स्वीकारली, ती प्रतिपन्न. न जाणता पत्करलेले हे प्रतिपन्न नव्हे आणि जाणून न पत्करलेलेही नव्हे. मराठीत असा एक शब्द मला अद्याप सापडलेला नाही.

मी बाईंना पत्र लिहिले की शास्त्र तुम्हाला बांधीत नाही. पाटल्यांच्या बाबतीत तर तुम्हीच धनको आहात. स्त्रीधन पतीने घेतले तर ते परत न करण्याची मुभा दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी व बंदिवास एवढ्याच प्रसंगी आहे, आणि कार्डाचा हप्ता यांपैकी कशातही बसत नाही. पत्र टाकताना मनात धाकधूक होती, हे लपवीत नाही. एक संसार मोडण्यास आपले पांडित्य कारण होणार काय, या विचाराने त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

येथे कोणी म्हणेल की पुत्राला तर पितृऋण चुकविणे भागच आहे. आहे, नव्हे, होते असे म्हणावयास हवे. पित्याचे कर्ज फेडणे हे पुत्राचे धार्मिक कर्तव्य, हे तत्त्व इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनीही मानले आणि सावकारांनी त्याचा भरपूर उपयोग केला. २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात जी सुधारणा झाली तिने या कर्तव्याच्या आधारावर मुलानातवांवर वसुली लावण्याचा मार्ग पुढील कर्जांपुरता बंद केला. धर्म बुडाला, अशी हळहळ काही वृद्धांनी तेव्हा माझ्यापाशी व्यक्त केली होती. मला ती पटत नाही. सावकाराच्या हातातील दंडुका काढून घेतल्याने धर्म बुडत नसतो. उलट कर्तव्य हे पुन्हा कर्तव्य होते. देशबंधू चित्तरंजन दास यांचे उदाहरण पाहावे. १९०६ साली पितापुत्रांवर नादारी पत्करण्याची वेळ आली. नादारीनंतर कायद्याच्या दृष्टीने त्यांच्याकडे कोणी काही मागू शकत नव्हता. पुढे वकिली भरभराटीस आल्यावर १९१३ साली दासांनी धनकोंना शोधून सारे देणे चुकते केले. कायद्याने मोकळा केलेला मनुष्य स्वतः होऊन देणे पत्करतो, तेव्हा त्या देण्याला जे तेज चढते ते हुकूमनाम्याने वसूल झालेल्या पैशाला कोठून येणार?

दुसरे उदाहरण अधिक परिचित आहे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना घरात मोटार घ्यावी असे मुलांच्या मनात आले. फियाट मोटारीची किंमत बारा हजार, बँकेत शिल्लक सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी देशाच्या पंतप्रधानाने पंजाब नॅशनल बँकेत अर्ज केला. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे ते निवर्तले तेव्हा ते कर्ज फिटावयाचे होते. ललितादेवींनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती मोटार दिल्लीतील त्यांच्या स्मारकात आज पाहावयास मिळते. लोक शास्त्रीजींच्या साधेपणाचे कौतुक करतात आणि ते उचितच आहे. परंतु दरमहा तो हप्ता वेगळा काढून ठेवणारा हात ललितादेवींचा होता, हे आपण सहसा ध्यानी घेत नाही. आणि त्या घरात मोटारीचे कर्ज सर्वांना ठाऊक होते, ही गोष्टही लहान नाही.

इंदूरहून महिनाभराने उत्तर आले. बाईंनी लिहिले होते की तुमचे पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखविले; मग सगळे कागद मागितले. एका रात्री देव्हाऱ्यापुढे बसून दोघांनी शंभर पानी वहीत सारे उतरवून काढले, कोणाचे किती, कधी घेतले, कशासाठी घेतले. ‘कशासाठी’ या रकान्यापाशी यजमान रडले. रात्री दोनला वही मिटली. पत्राचा शेवट असा होता: ‘कायद्याने नाही आणि शास्त्राने नाही हे कळलं, बरं वाटलं. आता फेडायला माझी हरकत नाही.’

यानंतरचा प्रश्न मुलांचा. तोच अधिक अवघड.

मार्कंडेयपुराणातील हरिश्चंद्राची कथा कोणास ठाऊक नाही? विश्वामित्रांच्या दक्षिणेचे ऋण फेडण्यासाठी काशीच्या बाजारात राजा पत्नीला विकतो. पुष्कळांच्या लक्षात येत नाही ते हे, की पुराणात हा प्रस्ताव राजाचा नाही. तो राणीचा आहे. तो उच्चारताना तिचा कंठ दाटून येतो, आणि तो ऐकून राजा मूर्च्छित होतो. म्हणजे राणीपुरते ते ऋण प्रतिपन्न आहे. परंतु रोहित? आईचा पदर धरून ओढणारे ते पोर. आईने गयावया केली म्हणून विकत घेणाऱ्या ब्राह्मणाने त्यालाही घेतले. त्याने काही जाणले नव्हते, काही पत्करले नव्हते. आणि त्या सबंध कथेत सर्पदंशाने मरतो तो तोच. शेवटी देव त्याला उठवितात, हे खरे. पण आपल्या घरी असे देव येतीलच याची हमी कोणी द्यावी? सत्यनिष्ठेचा आदर्श म्हणून ही कथा आपण मुलांना सांगतो. रोहिताच्या बाजूने ती एकदा वडील माणसांनी वाचावी असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

इंदूरच्या घरात पंधरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुलीने आपण होऊन शिकवणी सोडतो म्हटले. यजमानांना गहिवरून आले आणि ते हो म्हणण्याच्या बेतात होते. बाईंनी साफ नकार दिला. ‘तिला कळू दे, पण तिच्याकडून घ्यायचं नाही,’ हा तिचा निवाडा. मुलांना घरातील सत्य ठाऊक असावे, म्हणजे त्यांना कोपऱ्यातील कुजबुजीची भीती उरत नाही. नवा पोषाख, सहल, हॉटेल यांना काही काळ मुकावे लागले तर बिघडत नाही. मात्र विद्या, औषध आणि पोटभर अन्न यांना हात लावून केलेली फेड ही फेड नसून मुलांच्या नावावर काढलेले नवे कर्ज होय. धाकट्याने एकदा विचारले, ‘आपण गरीब झालो का?’ बाप म्हणाला, ‘नाही रे. आपल्याकडे लोकांचे पैसे आहेत, ते परत करतोय.’ पाणिनीचे नावही त्या गृहस्थांनी ऐकले नसेल. उत्तर मात्र त्याच्याच व्याकरणातले होते.

मग सारे घर कामाला लागले. फटफटी विकून आलेले पंचावन्न हजार कार्डात भरले. यजमान संध्याकाळी दोन दुकानांच्या वह्या लिहू लागले. बाईंनी शेजारच्या वसतिगृहातील मुलांसाठी पोळ्यांचे काम धरले. सत्तरीतील सासूबाई पहाटे उठून कणीक मळीत. हा तपशील वाढविण्यात हशील नाही. कष्ट करणाऱ्या घरांना तो ठाऊक असतो. थांबावयाचे आहे ते वेगळ्याच एका पेचापाशी.

कोणाचे आधी द्यावे? याज्ञवल्क्य सांगतो की ज्या क्रमाने घेतले त्या क्रमाने. हिशेबनीस सांगतो की ज्याचे व्याज अधिक त्याचे आधी, आणि व्यवहारतः ते बिनतोड आहे. परंतु बहुतेक घरांत या दोहोंपैकी एकही क्रम चालत नाही. चालतो तो तिसराच: ज्याचा आवाज मोठा त्याचे आधी. कार्डवाल्यांचे दिवसातून चार दूरध्वनी येत, पतपेढीचा माणूस दारात उभा राही. मावशी मात्र सणाला येऊन पुरणपोळी खाऊन आशीर्वाद देऊन जाई. पाच वर्षांत तिला एक पैसा मिळाला नव्हता. तिचे ते पन्नास हजार म्हणजे नवऱ्यामागे उरलेल्या ठेवीचा मोठा हिस्सा होता. न मागणाऱ्याचे देणे बुडविणे सर्वांत सोपे असते, आणि माझ्या मते सर्वांत नीच तेच. बाईंनी तोड काढली. मोठी रक्कम कार्डाकडे. पण पहिल्या महिन्यापासून मावशीला हजार रुपये, घरी नेऊन हातात द्यावयाचे. हिशेबाच्या दृष्टीने ते हजार कार्डात गेले असते तर थोडे व्याज वाचले असते. यजमानांनी तसे दाखवूनही दिले. बाई म्हणाल्या, ‘वाचलेलं व्याज मावशींना सांगता येणार आहे का?’ पाटल्यांची पाळी तिने सर्वांत शेवटी लावली. तो तिचा अधिकार होता. ती धनको होती.

तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. ही गोष्ट कर्जदारांना फार आवडते. परंतु खते बुडविण्याचा अधिकार सावकाराच्या आसनावर बसलेल्या तुकोबांचा होता. ऋणकोने तेच केले तर त्याला वैराग्य म्हणत नाहीत.

या निमित्ताने गीतेच्या वाचकांसाठी एक शंका मांडतो. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे जे लक्षण आहे त्यात, ज्याने आपल्यावर उपकार केलेला नाही अशाला देणे हा महत्त्वाचा अंश आहे. कर्जफेड याच्या नेमकी उलट: ज्याने आधीच उपकार केला त्यालाच ती द्यावयाची. म्हणून परतफेडीत दानाचे पुण्य नाही. ती न केल्यास मात्र तिसऱ्या अध्यायात मिळालेले भोगून परत न देणाऱ्यासाठी वापरलेला ‘चोर’ हा शब्द लागू पडतो. ज्यात पुण्य नाही, कीर्ती नाही, आणि जे पुरे झाल्यावर हाती नवे काहीच येत नाही, असे कर्म माणसाने वर्षानुवर्षे कशाच्या बळावर करावे? मला वाटते, फलाची आसक्ती सोडून कर्म करण्याचा अभ्यास गृहस्थाला याहून चांगला कोठेही मिळणार नाही. कारण येथे फळ आधीच खाऊन झालेले असते. परंतु सावध राहावे. दुसऱ्या अध्यायाचा आधार देऊन ‘आकडे कशाला पाहता, आपण भरीत राहावे’ असे सांगणारेही भेटतात. यजमान नऊ हजार भरीत होते ते असेच, आकडे न पाहता. आकडा डोळ्यांत डोळे घालून पाहणे हे त्या कर्माचेच अंग आहे. त्याने खचून न जाणे ही अनासक्ती.

दानाचाही प्रश्न निघाला. सासूबाईंची दरवर्षी श्राद्धाला अकरा ब्राह्मण सांगण्याची रीत. द्यावे ते स्वतःचे आणि कुटुंबाला पीडा न होईल असे, ही स्मृतीची आज्ञा आहे. कर्जदाराच्या घरातील धान्य पुरते त्याचे असते काय? मी एक ब्राह्मण सांगा म्हणून कळविले. सासूबाई माझ्यावर अद्याप रुष्ट आहेत.

चौदाव्या महिन्यात कार्ड फिटले, आणि मावशीचा हप्ता हजाराचा तीन हजार झाला. पतपेढीचे देणे अजून शिल्लक आहे, पाटल्या अजून तारणात आहेत, बाईंच्या हातात काचेच्या बांगड्या आहेत. गेल्या चैत्रात मी इंदुरास गेलो तो नेमका मावशीचा शेवटचा हप्ता द्यावयाचा दिवस. मलाही बरोबर नेले. मावशींनी नोटा मोजल्या नाहीत, देवापुढे ठेवल्या. वही मात्र मागून घेतली. सव्वीस ओळींची ती रकमांची यादी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली, सुनेकडे एकदा पाहिले, आणि तळाशी थरथरत्या मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘भरून पावले.’